केशरी नेमका कोणता?

वर्ध्याला शिक्षकांसाठी घेतलेल्या एका शिबिरात आमच्याकडे एक साधेच काम होते. ध्वजवंदनाचे छायाचित्र भित्तिपत्रकावर घ्यायचे होते. छायाचित्र सुधारण्याच्या संगणक-प्रणालीत ते उघडले, तर खादीचा पांढरा पट्टा पिवळट आणि केशरी पट्टा विटकरी दिसू लागला. तेच चित्र त्याच संगणकावर साध्या चित्रदर्शकात उघडले, तर पांढरा पांढराच! आमच्यापैकी एकाने लगेच रंग 'दुरुस्त' करायला घेतले. छापून आल्यावर ध्वज निळसर निघाला.

चित्र एक, पडदा एक, मग रंग दोन कसे? उत्तरासाठी थोडे मागे, १९३१ सालात जायला हवे.

वर्धेकरांना ध्वजाची गोष्ट नवी नाही. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी केले होते. तेव्हाचा चरख्याचा झेंडा पांढरा, हिरवा आणि लाल होता. या रंगांना जातीय अर्थ चिकटवले जात, म्हणून १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. समितीने संपूर्ण केशरी झेंडा सुचवला, पण तो स्वीकारला गेला नाही. ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा असा तिरंगा ठरला. लालाच्या जागी केशरी आला. पण केशरी म्हणजे कोणता? केशराचा, पळसफुलाचा, की झेंडूचा? ठरावात शब्द होता, माप नव्हते.

योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडात केंब्रिज येथे आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाची बैठक भरली आणि तिने रंगाला माप दिले. त्यामागे डब्ल्यू. डी. राइट आणि जॉन गिल्ड यांचे प्रयोग होते. निरीक्षकाने एका छिद्रातून लहानसे वर्तुळ पाहायचे. वर्तुळाच्या एका अर्ध्या भागात दिलेला रंग, दुसऱ्यात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशांचे मिश्रण. तिन्ही प्रकाश कमीजास्त करीत राहायचे. मधली रेघ नाहीशी झाली की रंग जुळला. काही रंग कसेही केले तरी जुळत नसत. मग तीनपैकी एक प्रकाश पलीकडच्या, दिलेल्या रंगात मिसळावा लागे, आणि त्याची नोंद उणे आकड्याने होई. राइटचे निरीक्षक १० होते, गिल्डचे ७. या सतरा जणांच्या डोळ्यांची सरासरी म्हणजे 'प्रमाण निरीक्षक'. जगातला प्रत्येक पडदा आजही मुख्यतः याच सतरा जणांच्या साक्षीवर मोजला जातो, हे आम्हांला नेहमीच गमतीचे वाटते.

या पद्धतीत रंगाची छटा एक्स आणि वाय या दोन निर्देशांकांनी सांगतात, आणि उजळपणा वेगळ्या आकड्याने. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने ध्वज स्वीकारला तेव्हा ठरावात शब्द होते 'गडद केशरी' आणि 'गडद हिरवा'. भारतीय मानक संस्थेने १९५१ मध्ये काढलेले पहिलेच मानक, आय.एस. १, राष्ट्रध्वजाचे होते! १९६८ मध्ये ते सुधारले गेले. त्यात केशरीचे निर्देशांक एक्स ०.५३८, वाय ०.३६० आणि उजळपणा २१.५ असा आहे. शब्दाला अखेर माप मिळाले.

आता पडद्याकडे येऊ. संगणक चित्रातला प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत साठवतो. पण २५५ लाल म्हणजे किती लाल, हे पडद्यागणिक बदलते. म्हणून १९९३ मध्ये काही कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापला आणि प्रत्येक यंत्राच्या रंगांची ओळख सांगणाऱ्या 'वर्णपत्रा'ची पद्धत रूढ केली. १९९९ मध्ये एस-आरजीबी हे सामाईक प्रमाणही मानक झाले.

आमची अडचण इथेच होती. पडद्यासोबत आलेले वर्णपत्र सदोष होते. चित्रसुधार प्रणाली ते इमानाने वाचत होती आणि त्यानुसार रंग बदलत होती. साधा चित्रदर्शक ते वाचतच नव्हता, म्हणून 'बरोबर' दिसत होता. आम्ही चित्रातला दोष समजून जे काढले, तो दोष चित्रात नव्हताच. ते वर्णपत्र काढून एस-आरजीबीचे लावले आणि दोन्हीकडे पांढरा सारखा झाला. (पडद्याची रात्रीची पिवळी छटा सुरू राहिली असेल, तर ती आधी बंद करावी, आमचा अर्धा तास त्यातही गेला.)

मग आम्ही एक हिशेब केला. पडद्यावर तिरंगा काढताना केशरीसाठी सर्रास २५५, १५३, ५१ ही त्रयी घेतात. तिचे निर्देशांक निघतात सुमारे ०.५०० आणि ०.४१६, आणि पडद्याचा पांढरा १०० धरला तर उजळपणा ४४. म्हणजे मानकाच्या दुपटीहून अधिक उजळ, आणि छटेने पिवळ्याकडे झुकलेला. यावर एक रास्त आक्षेप आहे: खादीचा पांढराही पूर्ण पांढरा नसतो, मानकात त्याचा उजळपणा ७२.६ आहे. त्या पांढऱ्याला १०० मानले तरी केशरी ३० च्या आसपासच येतो. मानकाचे आकडे सरळ एस-आरजीबीत बदलले, तर त्रयी येते सुमारे २१५, ८७, ५५. प्रमाण प्रकाशातल्या फरकामुळे ती थोडी हलेल, पण २५५, १५३, ५१ पर्यंत नक्कीच जाणार नाही.

आमच्या मते पाठ्यसाहित्यात ध्वज काढताना मानकाजवळची त्रयी घ्यावी. मुलांना प्रयोगही करता येईल. दोन चौकोन पडद्यावर काढा, एक या त्रयीचा, एक त्या. खिडकीजवळ, ढगाळ दिवसाच्या उजेडात, खादीचा ध्वज पडद्याशेजारी सन्मानाने धरा, आणि पडद्याचा उजळपणा असा कमी करा, की कोरा पडदा खादीच्या पांढऱ्या पट्ट्याइतकाच उजळ दिसेल. आम्ही पाहिले तेव्हा बाविसांपैकी एकोणीस शिक्षकांनी गडद चौकोनाकडे बोट दाखवले. उरलेल्या तिघांपैकी एकाने सांगितले, "आमच्या शाळेतला ध्वज जुना आहे, उन्हाने विटलाय, तो दुसऱ्याशी जुळेल."