उरलेल्या बुडबुड्याची गोष्ट

हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन. राजवायूंची ही नावे मुले पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. त्यांचे गुणधर्म व उपयोग लक्षात राहायला हवे असतील, तर हे वायू सापडले कसे ते आधी सांगावे, असे आम्हांला वाटते.

१७८५ साली इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत जादा ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या पाडल्या. त्यामुळे तयार होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे अल्कलीत विरघळत. उरलेला ऑक्सिजनही त्यांनी काढून टाकला. तरी एक बुडबुडा शिल्लक राहिलाच. तो मूळ नायट्रोजनच्या १/१२० भागाहून मोठा नव्हता. कॅव्हेंडिश यांनी तशी नोंद केली. पुढे शंभर वर्षे तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मग लॉर्ड रॅले वायूंची घनता मोजू लागले. एकाच काचपात्रात हवेतून मिळवलेला नायट्रोजन २.३१० ग्रॅम भरे, तर संयुगांपासून बनवलेला २.२९९ ग्रॅम. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. मोजमापातील त्रुटी म्हणून तो सोडून देता आला असता. रॅले यांनी मात्र १८९२ मध्ये 'नेचर'मध्ये पत्र लिहून इतरांना त्याचे कारण विचारले. पुढे विल्यम रॅम्झी यांनी हवेतील नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियममध्ये शोषून घेतला. उरलेल्या वायूच्या वर्णपटात अनोळखी रेषा दिसल्या. १८९४ मध्ये या वायूची घोषणा झाली. तो कशाशीच संयोग पावत नव्हता, म्हणून त्याचे नाव अरगॉन, म्हणजे ग्रीक भाषेत 'आळशी'.

सूर्याच्या वर्णपटात १८६८ साली ज्याची पिवळी रेषा दिसली होती, तो हेलियम रॅम्झी यांना १८९५ मध्ये एका युरेनियमयुक्त खनिजात सापडला. १८९८ मध्ये त्यांनी व मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेच्या संशोधनातून क्रिप्टॉन (लपलेला), निऑन (नवा) आणि झेनॉन (परका) शोधले. हेच ट्रॅव्हर्स पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

अरगॉनचा आळस माणसाच्या कामी आला. बल्बमध्ये तो भरला की टंग्स्टनची तापलेली तार जळत नाही आणि तिची वाफही हळू होते. वेल्डिंग करताना तो तापलेल्या धातूला हवेपासून दूर ठेवतो.

पण 'निष्क्रिय' हे नाव शब्दशः घेतले गेले. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी साधा हिशेब मांडला. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेते; झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते. त्यांनी दोन्ही वायू एकत्र आणले आणि झेनॉनचे घनरूप संयुग तयार झाले.

तेव्हा 'राजवायू अभिक्रिया करीत नाहीत' असे फळ्यावर लिहिताना आपण त्यात 'सहसा' हा शब्द घालू या. तो का घातला, हे मुले विचारतीलच.