वेधन-मडमुळे होणारी तेलखडकाची हानी

तेलविहीर खोदताना वापरलेल्या चिखलातील घन कण व त्यातून निथळलेला द्रव तेलधारी खडकात शिरून विहिरीलगतच्या खडकाची पार्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता, घटणे. तेल उद्योगात या हानीला ‘फॉर्मेशन डॅमेज’ म्हणतात आणि या चिखलाला नुसते ‘मड’.

मडवाचून रोटरी पद्धतीचे वेधन सहसा चालत नाही. ते खडक कापणारे बिट थंड ठेवते, खडकाचा चुरा वर आणते आणि स्वतःच्या वजनाने खालच्या तेल-वायूचा दाब रोखून धरते. यासाठी मडचा दाब खडकातील द्रवाच्या दाबापेक्षा मुद्दाम थोडा जास्त ठेवतात. हानीचे मूळ इथेच आहे. पण विहीर उसळण्यापेक्षा खडक थोडा बुजलेला परवडतो, म्हणून या फरकात फार काटकसर करता येत नाही.

नवा खडक उघडा पडताच पहिल्या काही क्षणांत मड कणांसकट आत घुसते. मग कण छिद्रांच्या तोंडाशी अडकून भिंतीवर पातळ लेप धरतो. हा ‘मड केक’. त्यानंतर आत झिरपतो तो मुख्यतः निथळलेला द्रव. लेप झटपट बसला तर तोच खडकाला वाचवतो. तो बसणे कणांच्या आकारावर ठरते. ढोबळ नियम असा, की छिद्रमुखाच्या व्यासाच्या एक-तृतीयांशाहून मोठे कण बाहेरच थोपतात, एक-सप्तमांशाहून बारीक कण पार निघून जातात आणि मधल्या मापाचे आत जाऊन रुततात. हेच खरे उपद्रवी. लेपासाठी मडमध्ये मुद्दाम घातलेल्या भरणकणांचा मध्यक आकार छिद्रांच्या मध्यक आकाराच्या एक-तृतीयांशाइतका किंवा किंचित अधिक असावा, हा अब्राम्स यांचा निकष (१९७७) यावरूनच आला.

झिरपलेल्या पाण्याचे उपद्व्याप निराळे. वालुकाश्मातील स्मेक्टाइट हे माती-खनिज गोड्या पाण्याने फुगते. केओलिनाइट या दुसऱ्या माती-खनिजाचे पापुद्रे क्षारता एकाएकी उतरली की सुटतात आणि वाहत जाऊन पुढच्या छिद्रमुखात अडकतात. म्हणून मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालतात. तेलाधारित मडने माती फुगत नाही, पण त्यातील पायसकारी द्रव्यांमुळे पाण्याने ओला राहणारा खडक तेलाने ओला होऊ शकतो आणि छिद्रांत घट्ट पायस साचते.

बाधित पट्टा अरुंद असला तरी नुकसान मोठे असते, कारण विहिरीकडे चहूबाजूंनी येणाऱ्या साऱ्या तेलाला याच चिंचोळ्या भागातून जावे लागते. व्हॅन एव्हरडिंगन व हर्स्ट यांनी १९५३ मध्ये या जादा अडथळ्याला ‘स्किन’ हे माप दिले. हॉकिन्स यांच्या १९५६ च्या सूत्राने त्याचे गणित सोपे झाले. समजा, विहिरीची त्रिज्या १० सेंमी. आहे, निचऱ्याची ३०० मी., आणि केंद्रापासून ३० सेंमी.पर्यंतच्या खडकाची पार्यता दशांशावर आली आहे. स्किन सुमारे ९.९ येते आणि उत्पादन निर्दोष विहिरीच्या जेमतेम ४५ टक्के उरते. बाधा फक्त २० सेंमी.ची, पुढचा सगळा खडक शाबूत!

आच्छादन-नळ बसवलेल्या विहिरीत छिद्रण-स्फोटांनी या पट्ट्यापलीकडे वाट काढता येते. उघड्या ठेवलेल्या आडव्या विहिरींत ती सोय नसते, शिवाय त्यांचा खडक मडच्या संपर्कात जास्त काळ राहतो. त्यामुळे तेलस्तर गाठताच मडच बदलणे श्रेयस्कर. वजनासाठी नेहमी वापरले जाणारे बराइट (भारतात त्याचा मोठा साठा आंध्र प्रदेशातील मंगमपेट येथे आहे) आम्लात विरघळत नाही. एकदा रुतले की रुतले. त्याऐवजी चुनखडीची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, पूड घातली तर लेप पुढे हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन काढता येतो. कोणते मड निवडावे हे खडकाच्या गाभ्याच्या तुकड्यावर ताडतात : आधी त्यातून तेल वाहू देऊन पार्यता मोजायची, मग एका बाजूने मड दाबायचे, पुन्हा उलट दिशेने तेल सोडून किती पार्यता परत आली ते पाहायचे.

खडकाची जातही महत्त्वाची. मुंबई हायचा (शोध १९७४) मुख्य तेलस्तर मायोसीन काळातील चुनखडकाचा आहे. अशा खडकात मातीच्या फुगण्याची धास्ती सहसा कमी. भेगा व पोकळ्या लागल्या तर मात्र मडच वाहून जाते. उपचार तुलनेने सोपा, कारण आम्ल खुद्द खडकच खात बाधित पट्ट्यापलीकडे वाटा पाडते. वालुकाश्मात हायड्रोफ्लोरिक आम्लाचे मिश्रण लागते. तिथे कॅल्साइट उरले असेल तर कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसून नवीच हानी होते, म्हणून आधी नुसते हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून कॅल्साइट काढून टाकतात.