दगडावरची दोन अक्षरे

वर्धापनदिनाच्या अंकासाठी कोणत्या विषयावर लिहिणार, असे मंडळाच्या चिटणीसबाईंनी विचारले. 'थडग्यांवरच्या मजकुरावर', असे मी सांगताच त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, शुभप्रसंगी हे काय अभद्र!" परंतु स्मरणिका म्हणजे तरी काय? स्मरण राहावे म्हणून छापलेली अक्षरे. कागदावर उमटली तर ती स्मरणिका, दगडावर कोरली तर तो स्मृतिलेख. तेव्हा विषय अगदीच परका नाही. शिवाय या दगडांवर अश्रूंबरोबर हसूही पुष्कळ सांडलेले आहे.

आपल्याकडे देह अग्नीला आणि रक्षा नदीला, ही बहुतेकांची रीत. पुरण्याची चाल असलेले समाज सोडले, तर नावाचा दगड उभारण्याचा प्रसंग सहसा येत नाही. समाधी बांधायची ती संताची, नाहीतर राजाची. आपल्या पुनावळ्याला चिंचवड जवळ. तेथे मोरया गोसावींची समाधी आहे. देहूही लांब नाही. पण तुकोबा सदेह वैकुंठाला गेले ही वारकऱ्यांची श्रद्धा, म्हणून तेथे त्यांची समाधीच नाही. ज्यांचे शब्द घराघरांत आहेत त्यांना समाधीचा दगडही लागला नाही!

सामान्य माणसाच्या वाट्याला दगड येई तो लढाईत पडला तर. त्यालाच आपण वीरगळ म्हणतो. वीरगळावर चित्रांचे कप्पे असतात आणि ते खालून वर वाचायचे. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत, त्यांवर तर जहाजांतली लढाई कोरलेली आहे. बहुतेक वीरगळांवर अक्षर मात्र एक नाही. कीर्ती चंद्रसूर्याइतकी, पण कोणाची, ते ठाऊक नाही!

आता अक्षरांचे दगड पाहू. इंग्लंडात विंचेस्टर येथे मोठ्या चर्चच्या आवारात टॉमस थेचर नावाच्या शिपायाचे थडगे आहे. तो 12 मे 1764 रोजी, वयाच्या 26 व्या वर्षी वारला. कारण दगडावरच दिले आहे: अंग तापलेले असताना त्याने पातळ, थंड बिअर प्याली आणि ज्वराने गेला. पुढे शिपाईगड्यांना पद्यात उपदेश आहे की, तापलेल्या अंगाने प्यायचीच तर कडक प्या, नाहीतर मुळीच पिऊ नका. हा उपदेश लोकांना इतका आवडला की, दगड झिजला तसा तो पुन्हा पुन्हा नवा बसवण्यात आला. आपल्या मंडळाला त्याचा उपयोग नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरा दगड आपल्या अधिक जवळचा, कारण तो ज्याचा, तो जन्माने नगरचा. स्पाइक मिलिगन हा इंग्रजी नभोवाणीवरचा नामांकित विनोदी लेखक व नट 16 एप्रिल 1918 रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जन्मला. वडील तोफखान्यात होते. पोराचे लहानपण पुण्यात गेले आणि पहिले शिक्षणही पुण्याच्या कॉन्व्हेंटात झाले. 27 फेब्रुवारी 2002 रोजी तो वारला. इंग्लंडात विंचेल्सी गावी त्याची कबर आहे. मी आजारी आहे हे तुम्हांला सांगितले होते की नाही, अशा अर्थाचे वाक्य त्याला कबरीवर हवे होते. चर्चच्या अधिकाऱ्यांना ते पवित्र जागी शोभेना. शेवटी ते आयरिश भाषेत कोरले, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल न कळेल आणि कोणाचा अपमानही होणार नाही!

हे वाक्य प्रथम कळले तेव्हा मी खूप हसले. मग हळूहळू ते टोचू लागले. घरातली बाई 'आज बरे वाटत नाही' म्हणते, तेव्हा ऐकतो कोण? चहा ठेवून झाल्यावर म्हणते, म्हणून कोणी ऐकत नाही. आणि चहा ठेवला नाही, तरच लक्षात येते. असो. या वाक्याकडे पुन्हा यायचे आहे.

माणसांचे राहू द्या, कुत्र्यांनाही दगड मिळाले आहेत. कर्नाटकात आतकूर येथे शके 872, म्हणजे इसवी सन 949-50 च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला. गंग राजा बूतुग आपल्या मनलेर नावाच्या वीरावर प्रसन्न झाला आणि हवे ते माग म्हणाला. मनलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. राजाची काळी नावाची कुत्री मागितली. पुढे ती रानडुकराशी झुंजली आणि दोघेही मेली. मनलेराने तिचा दगड उभारला, पूजेसाठी जमीन दिली, आणि पूजा न करता जो पुजारी जेवेल त्याला या कुत्रीचे पाप लागेल, असेही लिहून ठेवले. आपल्या साताऱ्याच्या शाहू महाराजांनीही, शिकारीत वाघापासून जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला जरीवस्त्रे व दागिने घालून दरबारात मिरवले आणि पालखीचा मान दिला, असे इतिहासकार लिहितात.

आता अगदी शेजारी या. जुन्या मुंबई रस्त्याने तळेगाव ओलांडले की वडगाव लागते. तेथे एका इंग्रज कप्तानाची समाधी आहे. त्याचे नाव जेम्स स्ट्यूअर्ट. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून आली. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याजवळ हा कप्तान मराठ्यांच्या तोफेने पडला. फौज कशीबशी तळेगावापर्यंत गेली. गाव जळालेले, अन्न नाही. जड तोफा तळ्यात टाकून ती रातोरात मागे फिरली आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडून शरण आली.

म्हणजे स्ट्यूअर्ट हा शत्रू, आणि तोही हरलेल्या फौजेचा. पण त्याचे शौर्य मराठ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी त्याला आपल्या बोलीत घेतले: स्ट्यूअर्टचा झाला 'इष्टुर', आणि पुढे लावले 'फाकडा'. पेशवाईतले साडेतीन फाकडे प्रसिद्ध आहेत. मानाजी शिंदे, कोन्हेरराव एकबोटे असे पूर्ण फाकडे तीन, आणि हा परका म्हणून अर्धा! गुण पूर्ण पाहिले आणि मोजताना मात्र हात आखडता घेतला. यात चेष्टा आहे आणि मोठेपणही आहे. त्याच्या स्वतःच्या फौजेने काय म्हटले ते आज कोणाला आठवत नाही. शत्रूने दिलेला हा दोन शब्दांचा स्मृतिलेख मावळात अजून बोलला जातो. लोक त्या समाधीला नवसही बोलतात.

शिपायाला दगड मिळाला, विदूषकाला मिळाला, कुत्रीला मिळाला, शत्रूला मिळाला. मग बाईला? तिलाही होता, पण कोणता? सतीचा. सतीशिळेवर कोपरात वाकवून वर उचललेला एक हात असतो, बांगड्या भरलेला. तोंड नाही, बहुधा नावही नाही. केवळ हात आणि चुडा. ती कशी हसत असे, काय रांधत असे, तिला काय दुखत होते, याची दगडाने विचारपूस केली नाही.

म्हणूनच शेवटी एका दगडाबद्दल सांगते. तो अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी येथे आहे. आनंदीबाई जोशी यांचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. बायकांचे दुखणे बाईनेच ऐकले पाहिजे, पुरुष वैद्यापुढे त्या तोंड उघडत नाहीत, हे त्यांना पुरते उमगले होते. 1883 साली त्या समुद्रापार गेल्या आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या. परत आल्या त्या क्षय घेऊनच. कोल्हापूरच्या इस्पितळातली जागा त्यांची वाट पाहत होती. पण 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या कार्पेंटरबाईंनी तिकडे त्यांना लेकीसारखे वागवले, त्यांच्याकडे रक्षा धाडण्यात आली, आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

तेथील दगडावर नाव आहे, एम. डी. ही पदवी आहे, 1865 ते 1887 ही वर्षे आहेत, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, एवढे लिहिले आहे. अमक्याची पत्नी, तमक्याची कन्या, असे काही नाही. त्या काळच्या मराठी बाईसाठी याहून विलक्षण स्मृतिलेख मला तरी माहीत नाही. पुण्यात गेलेल्या या बाईचा दगड मात्र सातासमुद्रांपलीकडे!

आपल्यापैकी बहुतेकींचा दगड होणार नाही, आणि त्याची खंतही नको. आपले स्मृतिलेख असतात ते भांड्यांवर. माळ्यावरचे पितळी पातेले खाली काढा. कडेला टोचून नाव घातलेले असते. जुन्या घराच्या जागी इमारत उठते तेव्हा अशी पातेली मोडीत जातात, आणि देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा दारातले वीरगळ बांधाला लागतात. दोन्हींबरोबर नाव जाते. तेव्हा भगिनींनो, मोडीत देण्यापूर्वी तेवढी अक्षरे वाचून वहीत टिपून ठेवा. आजीचे, पणजीचे माहेरचे नाव विचारून घ्या. ती कशाला हसत असे तेही लिहा. आणि सांगणारी अजून घरात असेल, तर तिला काय दुखते आहे तेही आजच विचारा. मिलिगनचे वाक्य आपल्या घरच्या कोणत्याही बाईला लागू पडू नये, एवढीच या लेखामागची इच्छा.