कीरात, गुंज आणि नाशिकचा हिरा

भाच्याच्या निकाहसाठी अंगठी घ्यायला आम्ही चिंचवडला गेलो होतो. भाचा चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, दिवसभर हातात व्हर्नियर. तरी दुकानात एकच हट्ट, "मामू, एक कॅरटच्या खाली नको." त्यासाठी कर्ज काढायचीही तयारी!

"कॅरट म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"साइझ."

साइझ नव्हे, वजन. हा शब्द मुळात अरबी 'कीरात', त्याच्याही मागे कॅरबच्या बीसाठीचा ग्रीक शब्द. जनाज्याच्या नमाजचा सवाब सांगणाऱ्या हदीसमध्ये हाच कीरात येतो; तिथे मात्र तो डोंगराएवढा. आपल्याकडे सराफ गुंजेने तोलत. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. पूर्वी शहरागणिक कॅरट थोडा वेगळा असे. १९०७ साली तो २०० मिलिग्रॅम ठरला. (सोन्याचा २२ कॅरट निराळा, तो शुद्धतेचा हिशेब.)

वजनाच्या या मोहावर मला नाशिकचा हिरा आठवतो. त्र्यंबकेश्वरच्या शिवमंदिरातला म्हणून सांगितला जाणारा हा हिरा दुसऱ्या बाजीरावाकडे होता. चिंचवडहून पुण्याला जाताना खडकी लागते. तिथे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज इंग्रजांकडून हरली. पुढच्या वर्षी पेशवाई संपली आणि हिरा युद्धातली लूट म्हणून कंपनीने नेला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरटचा होता. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी पुन्हा पैलू पाडून तो ८० च्या आसपास आणला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याने तो विकत घेतला आणि ४३.३८ कॅरटवर आणला. निम्म्याहून जास्त हिरा गेला, तोही तेज वाढावं म्हणून! आपल्याकडच्या जुन्या कारागिराने होता होईल तेवढं वजन राखलं होतं. त्याला अडाणी म्हणायला माझी जीभ धजत नाही. छाटलेला हिरा परत जोडता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

हे सारं भाच्याने निमूट ऐकलं. मग दुकानदाराकडून गेज मागून घेतलं आणि दोन गोल हिरे मोजले. एक कॅरटचा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, ९० सेंटचा, म्हणजे ०.९० कॅरटचा, त्याहून जेमतेम पाव मिलिमीटर लहान. भावात मात्र मोठी तफावत, कारण पूर्ण आकडा गाठला की दर कॅरटमागचा भावच चढतो.

"मामू, एवढा फरक तर आमच्याकडे टॉलरन्समध्ये बसतो," तो म्हणाला, आणि ९० सेंटचा हिरा पुढे सरकवला.