जोखमीचे आकलन आणि भावना

एखाद्या गोष्टीत किती धोका आहे हे माणूस केवळ आकडेमोडीने ठरवत नाही. त्या गोष्टीविषयीची भीती, राग, आवड किंवा नावड यांचाही त्याच्या अंदाजावर प्रभाव पडतो. या प्रभावाचा अभ्यास मानसशास्त्र आणि निर्णयशास्त्र या विद्याशाखांत केला जातो.

तज्ज्ञ आणि सामान्यजन

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या विषयावर लेख लिहिला. त्यात दिलेल्या ३० कृती व तंत्रज्ञानांच्या क्रमवारीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अणुऊर्जेला सर्वाधिक धोकादायक मानले होते. तज्ज्ञांच्या यादीत तिचे स्थान २०वे होते. तज्ज्ञांचा अंदाज मुख्यतः मृत्युसंख्येशी जुळणारा होता. सामान्यजनांच्या अंदाजावर मात्र धोक्याची भीषणता, त्याचा अपरिचितपणा आणि तो आपल्या नियंत्रणाबाहेर असल्याची जाणीव यांची छाप होती.

भावनिक ठोकताळा

मनातील चांगल्या-वाईट भावनेवरून झटपट निर्णय घेण्याच्या पद्धतीस भावनिक ठोकताळा म्हणता येईल. प्रत्यक्षात अनेकदा अधिक लाभाच्या गोष्टीत जोखीमही अधिक असते. परंतु आवडत्या गोष्टीत लाभ अधिक व जोखीम कमी, तर नावडत्या गोष्टीत याच्या उलट, असे माणसाला वाटते. मेलिसा फिनुकेन, स्लोव्हिक आणि सहकाऱ्यांच्या २००० मधील संशोधनात विचाराला वेळ कमी दिल्यावर हा कल अधिक तीव्र झाल्याचे आढळले.

भीती आणि राग

सर्व नकारात्मक भावनांचा परिणाम सारखा नसतो. जेनिफर लर्नर व डॅकर केल्टनर यांच्या २००१ मधील अभ्यासानुसार भयभीत व्यक्तींना भविष्यातील धोके मोठे वाटतात. रागावलेल्या व्यक्तींचे अंदाज आशावादी असतात. भीतीत अनिश्चितता आणि हतबलता असते, तर रागात खात्रीची व नियंत्रणाची भावना असते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

सामाजिक परिणाम

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अनेक अमेरिकन नागरिकांनी विमानप्रवास टाळून मोटारीने प्रवास केला. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांच्या अंदाजानुसार त्यानंतरच्या १२ महिन्यांत या बदलामुळे रस्त्यांवर सुमारे १,५०० अधिक मृत्यू झाले. ही संख्या अपहरण झालेल्या चारही विमानांतील मृतांच्या कित्येक पट होती. मात्र हे मृत्यू विखुरलेले असल्याने त्यांची भीती कोणाला वाटली नाही.

तरीही भावना हा निव्वळ दोष मानला जात नाही. धोका ऐच्छिक आहे की लादलेला, त्याची वाटणी न्याय्य आहे काय, हे लोकांच्या मनातील प्रश्न केवळ मृत्युसंख्येत सामावत नाहीत. त्यामुळे धोक्याविषयीचा संवाद दुतर्फा असावा, असे स्लोव्हिक यांचे प्रतिपादन आहे.