ब्रिस्बेन

ब्रिस्बेन हे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्याचे राजधानीचे शहर आहे. लोकसंख्येच्या दृष्टीने सिडनी व मेलबर्न यांच्यानंतर देशात त्याचा तिसरा क्रमांक लागतो. उपनगरांसह येथील लोकसंख्या २५ लाखांहून अधिक आहे. ब्रिस्बेन नदी नागमोडी वळणे घेत शहरातून वाहते व पुढे मोरटन उपसागराला मिळते. समुद्राची भरती-ओहोटी नगरकेंद्राच्याही वरपर्यंत जाणवत असल्याने नदीचे पाणी बहुधा गढूळ, तपकिरी दिसते.

== हवामान ==
हवामान उपोष्ण कटिबंधीय असून ऋतू भारताच्या उलट असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा दमट व वादळी पावसाचा, तर जून ते ऑगस्ट हा हिवाळा कोरडा व सौम्य असतो. पर्यटनास हिवाळा अधिक सोयीचा. मात्र नीलमोहराचा (जॅकरांडा) बहर पाहायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठावा लागतो. विद्यापीठांच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात, त्यामुळे विद्यार्थ्यांना या फुलांचे कौतुक बेताचेच असते.

== इतिहास ==
हा प्रदेश तुर्रबल व यागेरा या आदिवासी समाजांचा. नगरकेंद्राच्या परिसराचे त्यांचे 'मीआंजिन' हे नाव आज पुन्हा वापरात येत आहे. १८२३ मध्ये जॉन ऑक्सले याने नदीला न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर सर थॉमस ब्रिस्बेन यांचे नाव दिले. १८२४ मध्ये रेडक्लिफ येथे स्थापन झालेली कैद्यांची वसाहत पुढील वर्षी नदीकाठी हलवण्यात आली. १८४२ मध्ये ती सामान्य वसाहतकऱ्यांना खुली झाली. १८५९ मध्ये क्वीन्सलंड स्वतंत्र वसाहत बनल्यावर ब्रिस्बेन तिची राजधानी झाले.

== नदी आणि पूर ==
ज्या नदीमुळे शहर वसले, तिनेच ते अनेकदा बुडवले आहे. फेब्रुवारी १८९३ मध्ये एकाच महिन्यात तीन पूर आले. पाणी ८.३५ मीटरपर्यंत चढले आणि व्हिक्टोरिया पूल कोसळला. १९७४ मध्ये पातळी ५.४५ मीटर होती. त्यानंतर १९८० च्या दशकात शहराच्या वरच्या अंगाला विव्हनहो धरण पूर्ण झाले आणि आता मोठा पूर येणार नाही, असा समज पसरला. प्रत्यक्षात लॉकियर व ब्रेमर हे प्रवाह धरणाच्या खाली नदीला मिळतात. त्यांचे पाणी धरणाला अडवता येत नाही. जानेवारी २०११ मध्ये नदी पुन्हा ४.४६ मीटरपर्यंत चढली. न्यू फार्म येथील तरंगता पादचारी मार्ग तुटून वाहून जाऊ लागला, तेव्हा त्याचा मोठा तुकडा एका टगबोटीने पुलांच्या खांबांपासून दूर राखत समुद्राकडे नेला. पाणी ओसरल्यावर घरांतील गाळ उपसण्यासाठी हजारो स्वयंसेवक धावून आले. त्यांना 'चिखलसेना' या अर्थाचे नाव मिळाले. धरणातून पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावरून पुढे दीर्घ न्यायालयीन वाद झाला. २०२२ मध्ये पूर पुन्हा आला, तेव्हा पातळी ३.८५ मीटर होती.

खांबांवर उचललेली, रुंद व्हरांड्याची व पत्र्याच्या छपराची लाकडी घरे येथे 'क्वीन्सलँडर' म्हणून ओळखली जातात. खालून वारा खेळावा आणि वाळवीचा उपद्रव टळावा, हे या रचनेचे मुख्य हेतू. पुरातही काही ठिकाणी तिचा उपयोग होतो.

== शहरदर्शन ==
नगरकेंद्रात वाट चुकणे अवघड आहे. एका दिशेच्या रस्त्यांना क्वीन, एलिझाबेथ, शार्लट, मेरी अशी राजघराण्यातील स्त्रियांची, तर त्यांना छेदणाऱ्यांना विल्यम, जॉर्ज, अल्बर्ट, एडवर्ड अशी पुरुषांची नावे आहेत. शहराची ओळख करून घेण्यास बसपेक्षा 'सिटीकॅट' ही नदीवरील फेरीबोट उत्तम. बस, रेल्वे व फेरीबोट यांचे भाडे ऑगस्ट २०२४ पासून प्रत्येक प्रवासाला अवघे ५० सेंट आहे.

दक्षिण तीरावरील साउथ बँक उद्यान १९८८ च्या जागतिक प्रदर्शनाच्या जागेवर उभे आहे. तेथील वाळूचा कृत्रिम किनारा सर्वांना विनामूल्य खुला असतो. जवळच्या क्वीन्सलंड कलादालनात गॉडफ्री रिव्हर्स यांचे नीलमोहराचे प्रसिद्ध चित्र (१९०३) आहे. १९४० चा स्टोरी पूल आणि त्याजवळचे कांगारू पॉइंटचे कडे संध्याकाळी पाहावेत. लोन पाइन हे १९२७ पासूनचे कोआला अभयारण्य नगराच्या नैर्ऋत्येस आहे.

क्रिकेटप्रेमींना वुलूनगॅबा उपनगरातील 'गॅबा' मैदान परिचित आहे. १९८८ नंतर येथे ऑस्ट्रेलियाने एकही कसोटी गमावली नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये अजिंक्य रहाणे याच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने ३२८ धावांचे लक्ष्य गाठून तीन गडी राखून विजय मिळवला आणि मालिकाही जिंकली. २०३२ च्या ऑलिंपिक स्पर्धांचे यजमानपद ब्रिस्बेनकडे आहे.