कुजलेले आणि कुजू लागलेले

इंग्रजीत ‘प्युट्रिड’ आणि ‘प्युट्रेसंट’ असे दोन शब्द आहेत. मराठीत आणताना दोन्हींना सर्रास ‘कुजलेला’ म्हटले जाते, ते मला खटकते. हा फरक वास किती उग्र आहे याचा नाही, वेळेचा आहे. प्युट्रिड म्हणजे कुजून गेलेले. प्युट्रेसंट म्हणजे कुजायला लागलेले, पण अजून पुरते न कुजलेले.

मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘पुट्रेरे’ म्हणजे कुजलेले असणे, ‘पुट्रेस्केरे’ म्हणजे कुजू लागणे. सगळी करामत मधल्या ‘स्क’ची. ‘अॅडोलेसंट’ आणि ‘अॅडल्ट’ हीसुद्धा एकाच लॅटिन क्रियापदाची लेकरे: वाढणारा आणि वाढलेला. हा ‘स्क’ आपल्याला परका नाही. संस्कृत ‘पृच्छति’, ‘गच्छति’मधला ‘च्छ’ त्याचाच भाऊ. संस्कृतात त्याला ‘सुरू होणे’ हा अर्थ नाही, पण ‘पृच्छति’वरून आलेले ‘पुसणे’ (विचारणे) आपण अजून वापरतो.

धातूही ओळखीचा निघतो. संस्कृतात ‘पूति’ म्हणजे कुजका, घाण वासाचा. ‘पूय’ म्हणजे जखमेतला पू. गळवातून येणारा आपला पू, इंग्रजीतला ‘पस’ आणि प्युट्रिड-प्युट्रेसंट हे दोन्ही शब्द एकाच घरचे. ‘फाउल’सुद्धा त्याच घरचा, ‘पितृ’चा भाऊबंद ‘फादर’ झाला, तसाच इथेही ‘प’च्या जागी ‘फ’ आला. १८८५ मध्ये लुडविग ब्रीगर या जर्मन वैद्याने सडत्या मांसातला एक पदार्थ ओळखला, त्याचे नाव ‘प्युट्रेसिन’ पडले, तेही ‘पुट्रेस्केरे’ या क्रियापदावरून.

हा भेद आपल्या शेतकऱ्याला कोशाशिवाय कळतो. अर्धवट कुजलेल्या शेणखतात हात घातला तर आत ऊब लागते, काडी-गवत ओळखू येते, शेणाचा वास येतो. असे खत शेतात गेले की हुमणी आलीच. पुरते कुजलेले खत काळसर, भुसभुशीत असते आणि त्याला मातीचा वास येतो. इंग्रज माणूस त्याला प्युट्रिड म्हणणार नाही, कारण त्या शब्दात दुर्गंधी आहे. पण ‘झाले’ आणि ‘होत आहे’ यांतले अंतर इथे हाताला लागते.

मराठीला यासाठी नवा प्रत्यय नको. आपल्याकडे ‘लागणे’ आहे. अनुवाद करणाऱ्यांनी प्युट्रिडला ‘कुजका’ लिहावे आणि प्युट्रेसंटला ‘कुजू लागलेला’. एका शब्दाचे दोन झाले तरी चालतील.